तक्रार घेणाऱ्याचे नाव

जिंतूरच्या सबस्टेशनात, रात्रपाळीला,
मी फोन उचलते.
पहिला महिनाभर म्हणायची, धुरपता बोलतेय,
आणि पलीकडून हमखास:
मावशी, साहेब हायेत का जवळ?

मी सव्वीस वर्षांची. डिप्लोमा, फर्स्ट क्लास.
पण नाव माझ्याआधी तारेतून जायचं
नऊवारी नेसून, पदरानं कपाळ पुसत,
चुलीपुढून नुकतंच उठल्यासारखं.

दुधगावकर साहेब म्हणाले, फोनवर दीप्ती सांगत जा,
विजेच्या खात्याला शोभतं.
आणि हसले. कारण इथं मी आधीच डीपी मॅडम:
धुरपता पांचाळ. डीपी तर रोजच जळतात.

दीप्ती म्हटलं की लोक आवाज खाली आणतात.
जरा बघता का, मॅडम.
जीभ दातांना लागते, लगेच सुटते,
स्टीलच्या वाटीला चमचा लागावा तशी.
धुरपता म्हणायला छातीतून श्वास आणावा लागतो,
मध्ये ओठ मिटतात
आणि शेवटी तोंडाचं दार उघडंच राहतं.

मीही काही कमी नाही.
तक्रारदाराचं नाव ऐकलं की माणूस तयार.
बोरीचे भुजंगराव: मिशा, फेटा, दमदाटी.
बोलले तर आवाज ताकासारखा पातळ,
पोरीचा पेपर आहे हो उद्या, एवढंच,
आणि फोन ठेवताना तीनदा सॉरी.
चारठाण्याच्या कोमलनं मात्र
माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.
सटवाजीला मी अजून बघितलेलं नाही.
त्याच्या नावात ट आणि व इतके चिकटून उभे
की वाटतं, मागं काहीतरी लपवलंय.
असेल बिचारा शाळामास्तर.

मग भादव्यातली ती रात्र. पावणेदोन.
वारं येऊन गेलेलं. येलदरी रोडवरून आसराबाई:
तार पडलीय हळदीत,
नातू काठी घेऊन निघालाय बाजूला साराया.
म्हटलं, दीप्ती बोलतेय, त्याला थांबवा आधी,
हात लावू देऊ नका, वस्ती कोणती तुमची...
तू कोण गं? लेकरू दिसू लालीस.
मोठं माणूस दे कुणी.

फोनमधून चिखलातली पावलं ऐकू आली,
किंवा मला तसं वाटलं.
आणि ज्या आवाजात अण्णा मला हाक मारायचे,
तीन वावरं ओलांडून, वाऱ्याच्या उलट,
त्या आवाजात माझ्या तोंडून निघालं:
धुरपता बोलतेय! जागचं हलू नको म्हणा त्याला!

पलीकडं काहीच नाही.
मग तिनं तोंड फिरवून हाळी दिली,
मुंजाऽऽ, थांब रं!
धुरपताबाई नको म्हणू लाल्यात!

थांबला.
वस्तीचं नाव कळून फीडर पाडेपर्यंत
चाळीस सेकंद गेले. नंतर मोजले मी.

तुमच्यासारखं जुनं माणूस हाय हापिसात,
बरं झालं माय, ती म्हणाली.
वय काय झालं असंल तुमचं?
झालं की आता, मी म्हटलं.

लहानपणी अण्णांशी भांडले होते,
असलं नाव कामून ठेवलं.
ते बैलाच्या गळ्यातली दोरी सोडवत होते.
म्हणाले, विहिरीवरून मारलेली हाक
आखाड्यापर्यंत पोचाया नको?
मला तेव्हा ते उत्तरच वाटलं नव्हतं.

रजिस्टरात शेवटचा रकाना:
तक्रार घेणाऱ्याचे नाव.
चार महिने तिथं दीप्ती लिहीत आले.
त्या रात्री ध काढला.
ध च्या डोक्यावरची रेघ डावीकडं तुटलेली असते,
छपरात जागा सोडल्यासारखी.
तिथून धूर जात असावा.

पुढची अक्षरं लिहायच्या आत फोन वाजला.
उचलला,
आणि सवयीनं म्हणाले, दीप्ती.